नायिकाप्रधान मालिकेत नायिका खरंच निर्णय घेते का? मोजायचं कसं?

अंबाझरी

संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा कुठलीही मराठी वाहिनी लावा, बहुतेक मालिकांच्या मध्यभागी बाई आहे. नावात ती, प्रोमोत ती, शीर्षकगीतात ती. म्हणून या मालिका 'स्त्रीप्रधान' म्हणायच्या का, यावर नागपुरातल्या आमच्या वाचन-गटात दोन तट पडलेत. नुसती मतं मांडून काही हाती लागत नाही, म्हणून आता मोजून बघायचं ठरलंय.

नायिका किती मिनिटं पडद्यावर दिसते यावरून काही कळत नाही. ती तिन्हीसांजेला देवघरात रडत बसली तरी पडदा तिचाच असतो. मोजायचं ते एकच: निर्णय कोणी घेतला, आणि पुढच्या भागांत तो टिकला का.

तक्ता असा ठरवलाय: प्रत्येक दृश्याला एक ओळ. ठिकाण, दृश्यातली माणसं, बोलण्याचा विषय, निर्णय झाला असल्यास कोणाचा, आणि शेवटचा रकाना सध्या कोरा ठेवायचा. पंधरा भागांनंतर मागे येऊन त्यात भरायचं: टिकला, फिरवला, की विसरला गेला.

यात काय चुकतंय ते सांगा. मालिका निवडल्यात तीन, त्यांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्या मालिकांवरच जाईल.

जुनी_प्रेक्षक

रकाने चांगले आहेत. त्यात एक जोडा: निर्णय घराबाहेरचा की घरातला.

१९८५ची 'रजनी' आठवा. प्रिया तेंडुलकरांची रजनी गृहिणीच होती, पण तिचे निर्णय काउंटरसमोर, कार्यालयात, रस्त्यावर व्हायचे. १९८९च्या 'उडान'मध्ये कल्याणी पोलीस अधिकारी होते. ती मालिका कविता चौधरींनी स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात कामही केलं, आणि कथेला आधार होता त्यांच्या भगिनी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्याचा. कांचनताई पुढे २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या त्या पदावरच्या पहिल्या महिला. १९९९ला 'आभाळमाया' आली तेव्हा सुधा जोशी प्राध्यापक होती. नवरा दुसरीकडे गुंतलेला, तरी तिची नोकरी हा कथेचा कणा राहिला.

आता नायिकेला नोकरी दिली तरी ऑफिसातल्या दृश्यातही बोलणं घरचंच चालतं. तुमच्या 'विषय' या रकान्यात हे आपोआप पकडलं जाईल, पण ठिकाणाशी ताडून पाहिलंत तरच.

तर्री_पोहे

अहो अंबाझरीताई, एवढा तक्ता भरत बसले तं मालिका पाहान कवा? 🙂

संकलक

तर्री_पोहे, मालिका दोनदा पाहायची. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा थांबवत.

अंबाझरी, मोजणी कुठे कुठे फसते ते आधीच सांगतो.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये कथा साधारण २२ मिनिटांची असते, त्यात पाच ते आठ दृश्यं. सुरुवातीचा मागील भागाचा गोषवारा आणि शेवटची उद्याची झलक मोजायची नाही. झलकेतला निर्णय तुम्ही आज लिहिलात आणि उद्या पुन्हा लिहिलात, तर एकच निर्णय दोनदा येतो. शिवाय झलकेत दिसलेलं दृश्य कधी कधी स्वप्न किंवा कल्पना निघते. नायिकेने नवऱ्याच्या कानाखाली वाजवली, आणि पुढल्या क्षणी ती ओट्याशी उभी. अशा दृश्याला वेगळी खूण करा, उदाहरणार्थ 'क'. हे 'क' किती येतात तेच मोलाचं आहे: नायिकेला जे करावंसं वाटतं ते फक्त कल्पनेत करू दिलं जातंय का, ते त्यावरून कळतं.

दुसरी गोष्ट नमुन्याची. वर्तमानपत्रं-टीव्हीच्या अभ्यासात 'रचलेला आठवडा' वापरतात: सोमवार एका आठवड्यातला, मंगळवार दुसऱ्यातला, असं करून सहा-सात दिवस. दैनंदिन मालिकेला ते जसंच्या तसं लावू नका. कथा आठवड्याच्या लयीत लिहिली जाते. सोमवारी आधीची गाठ सुटते, शुक्रवार-शनिवारी नवी बसते. दिवस विस्कटले तर गाठ दिसेल पण सुटलेली दिसणार नाही, आणि तुमचा 'टिकला की फिरवला' हा रकाना कोराच राहील. सलग तीन आठवडे घ्या, मग सहा आठवडे सोडा, पुन्हा तीन घ्या. वटपौर्णिमा, मंगळागौर, गणपती यांचे आठवडे वेगळे ठेवा. त्या दिवसांत सगळ्या नायिका नऊवारीत असतात आणि कथा जागची हलत नाही.

तिसरी: दोघींनी स्वतंत्रपणे भरा आणि ताडून बघा. पाचांपैकी एकापेक्षा जास्त ओळींत फरक आला तर दोष माणसांचा नाही, व्याख्येचा. 'निर्णय' म्हणजे काय ते एका वाक्यात लिहून भिंतीला लावा. माझी व्याख्या: ज्यानंतर दुसऱ्या कोणाला तरी आपलं वागणं बदलावं लागतं, तो निर्णय. 'मी आता सहन करणार नाही' हे वाक्य निर्णय नव्हे.

अंबाझरी

व्याख्या घेतली! 'क' खूणही. मनापासून आभार.

विधिज्ञा

शेवटच्या रकान्याबद्दल बोलते. निर्णय 'फिरवला' जातो तेव्हा बरेचदा कथेने कायदा वाकवलेला असतो. तीन जागा सांगते, तिथे लक्ष ठेवा.

पहिली, घटस्फोटाचे कागद. जेवणाच्या टेबलावर सही झाली, नायिका घराबाहेर, संपला संसार. प्रत्यक्षात परस्परसंमतीच्या घटस्फोटात, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली, निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, दोघांनी मिळून कौटुंबिक न्यायालयात अर्ज करावा लागतो, त्यानंतर सहा महिन्यांनी दुसरा अर्ज. हे सहा महिने माफ करता येतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं, पण ते न्यायालय ठरवतं, सासू नव्हे. आणि हुकूमनामा होईपर्यंत बाई संमती मागे घेऊ शकते. फसवून घेतलेल्या सहीवर शंभर भाग चालवणाऱ्या लेखकाने नायिकेच्या हातातलं हे हत्यारच काढून घेतलेलं असतं.

दुसरी, रात्री बॅग देऊन घराबाहेर काढणं. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलाय, मग घर कोणाच्याही नावावर असो. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा सामायिक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या सतीश आहुजा निकालात आलं. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यावी आणि साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे खरं. पण मालिकेतल्या नायिकेला त्या अर्जाची माहितीसुद्धा नसते, तेही तिची मैत्रीण वकील असताना! वकील परवडत नाही हे कारणही चालत नाही: विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत बाईला तिचं उत्पन्न न बघता मिळते.

तिसरी, पहिली बायको असताना दुसरं लग्न. ते लग्न मुळातच रद्दबातल आणि गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पूर्वी भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ४९४, जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८२. मालिकेत ते मंत्र, हार, गृहप्रवेश यांसह पंधरा दिवस चालतं.

एक रकाना वाढवा: कायद्याचा मार्ग उपलब्ध होता का, आणि नायिकेला तो दाखवला का.

दुपारचा_चहा

आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांशी माझं थोडं वाकडं आहे.

तुम्ही सगळे निर्णयाला धरून बसलात. सहन करणारी नायिका म्हणजे वाईट चित्रण, हे आधीच ठरवून टाकलंत. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांचा २००९ला प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू ही राज्यं आणि दिल्ली, २००१ ते २००३ या काळातली माहिती. ज्या गावांत नव्याने केबल आली तिथे नवऱ्याने मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा ही इच्छा घटली, आणि स्वतःच्या बाबतीत ठरवण्याचं स्वातंत्र्य वाढलं. केबलवर त्या काळात काय चालू होतं? सासू-सुनांच्याच मालिका जोरात होत्या. आपण ज्यांना नावं ठेवतो त्याच.

म्हणजे बाई पडद्यावर नुसती दिसते, मोठ्या शहरातल्या घरात वावरते, सासूला उलट बोलते, एकटी प्रवास करते, याचाही परिणाम होतो. तो तुमच्या तक्त्यात कुठे येणार?

जुनी_प्रेक्षक

दुपारचा_चहा, मुद्दा मोठा आहे. पण उलट बाजूचा पुरावाही आहे, आणि तो त्याहून जुना. १९८४-८५ची 'हम लोग' मुद्दाम समाजशिक्षणासाठी रचलेली होती, मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो यांच्या पद्धतीवर: एक अनुकरणीय पात्र, एक टाळण्याजोगं, एक मधल्या वाटेवरचं. भागवंती ही सोसणारी आई 'असं होऊ नका' म्हणून दाखवली होती. अशोक कुमार भागाच्या शेवटी येऊन समजावूनही सांगायचे. तरीही पुष्कळ प्रेक्षकांनी, त्यात बायकाही आल्या, भागवंतीलाच आदर्श मानलं.

लेखकाला काय म्हणायचंय आणि घरी काय पोचतंय यात एवढं अंतर पडू शकतं. दुःख सुंदर प्रकाशात, जवळून, सनईवर दाखवलं की ते पूजनीय होतं.

दुपारचा_चहा

हे मान्य. पण मग दोन्ही अभ्यास मिळून एवढंच सांगतात की तक्त्याने मालिका कळेल, प्रेक्षक कळणार नाही. अंबाझरी, हे वाक्य तुमच्या टिपणात पहिल्या पानावर टाका.

अंबाझरी

टाकते. तुमचं म्हणणं पटलंय.

भिवापुरी

'घराबाहेरचे निर्णय' यावर लिहायचंच होतं. आपल्या नागपूरच्या नायिकेचं उदाहरण समोर आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको', २०१६ ते २०२१. राधिका नागपूरची, नवऱ्याने फसवल्यावर मसाल्यांचा धंदा काढते. विषय सोन्यासारखा होता. पण कुठलीही मालिका घ्या, नायिका स्वयंपाकघरातून निघून थेट काचेच्या केबिनमध्ये पोचते. मधला जिना गायब. आणि तिचे सगळे निर्णय त्या जिन्यावरच असतात.

मसाल्याचंच बघा. मिरची कुठली? भिवापुरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ती महाग, मग कळमन्याच्या बाजारातून दुसरी किती मिसळायची? देठं काढली की वजन घटतं, ते भावात कसं धरायचं? मिरची देठाशी कडकन मोडेपर्यंत वाळली नसेल तर दळताना गोळे होतात आणि डब्यात बुरशी येते. धणे, शहाजिरे, दगडफूल, लवंग, मिरी सगळं वेगवेगळं भाजावं लागतं, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. एकत्र भाजलं तर धणे कच्चे राहतात आणि जिरं जळतं. खसखस, खोबरं शेवटी, मंद आचेवर. त्यांचं तेल सुटतं, चाळणी भरते, आणि प्रमाण जास्त झालं की दोन महिन्यांत खवट वास. चक्की सलग चालवली तर पूड तापते, रंग आणि वास दोन्ही जातात, म्हणून थोडं थोडं दळायचं. पूड पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट बंद केलं तर आत वाफ धरते.

मग कागद. अन्नसुरक्षेची नोंदणी, पाकिटावर तिचा चौदा आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, बॅच, तारीख. छोट्या उद्योगांची 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन, फुकट. भांडवलाला सरकारच्या मुद्रा योजनेत नव्याने कर्ज घेणाऱ्याला १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज. आणि सगळ्यात अवघड, उधारी: इतवारीतला दुकानदार माल ठेवून घेतो, पैसे सवडीने देतो. तेवढे दिवस पाखडणाऱ्या-निवडणाऱ्या बायकांची मजुरी कुठून द्यायची?

यातल्या एकेका प्रश्नावर एक भाग सहज होईल, आणि त्या प्रत्येक भागात नायिका निर्णय घेताना दिसेल. तक्त्यात 'पैसा कोणाचा' असा रकाना हवाच.

तर्री_पोहे

भिवापुरीताई, सावजी मसाल्यात ज्वारीचं पीठ राहिलं नं. रश्शाले अंगासरसं घट्टपण त्याच्यानंच येते.

भिवापुरी

ते रस्सा करताना वरून लावायचं. पुडीत घातलं तर कीड लवकर लागते. 🙂

महालकर

मसाल्यावरून बोलीवर येतो. राधिकेमुळे मुख्य नायिकेच्या तोंडी रोज नागपुरी ऐकू येणं ही मोठी गोष्ट होती, तिचं मोल कमी नाही. पण लेखकमंडळी पुण्या-मुंबईची असली की बोलीचा एकच धागा पकडतात: 'करून राहिली', 'जाऊन राहिली'. प्रत्येक क्रियापदाला 'राहिली' लावलं की झालं नागपुरी. तसं नसतं. 'राहिली' चालू क्रियेला. रोजच्या सवयीला 'मी करते'च. 'मले, तुले, कायले, माह्या' ही रूपं आली की 'मला, माझ्या' त्याच वाक्यात यायला नको. आणि 'डोया, काया' हा 'ळ'चा 'य' अमरावती-अकोल्याकडे जास्त. नागपूर शहरात शिकलेल्या बाईच्या तोंडी तो घातला तर कानाला खटकतो.

नायिकांच्या चित्रणाशी याचा संबंध असा: कुठल्याही मालिकेत बोली बोलणारी बाई भोळी, प्रेमळ, फसणारी असते आणि प्रमाण भाषा बोलणारी हुशार किंवा कपटी. नायिका यशस्वी झाली की तिची बोली हळूहळू पुसली जाते का, ते नोंदवा. पहिल्या आठवड्यातले आणि सहा महिन्यांनंतरचे शंभर-शंभर संवाद काढले तरी पुरे.

तर्री_पोहे

हे एकदम बरोबर बोलले महालकर. बोली हसवाले नाही ठेवली.

रंगपेटी

दिसण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. 'रंग माझा वेगळा' (२०१९ ते २०२३) सावळ्या मुलीच्या बाजूने उभी राहिलेली मालिका, मल्याळम 'करुत्तमुत्तु'वर आधारलेली. पण दीपाची भूमिका करणाऱ्या रेश्मा शिंदे यांना मेकअपने सावळं केलं होतं. विषय रंगभेदाचा आणि सावळ्या अभिनेत्रीला कामच नाही, हा विरोधाभास मला अजून बोचतो.

तांत्रिक बाजूही कच्ची राहते. गडद फाउंडेशन चेहऱ्यावर नीट बसतं, पण कान, मानेची मागची बाजू, तळहाताच्या कडा, कोपर इथे सुटतं. बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये घामाने केसांच्या रेषेशी पट्टा पडतो. आणि वरून जोरदार प्रकाश टाकला की गडद त्वचा राखाडी दिसते, कारण प्रकाशयोजना गोऱ्या चेहऱ्यासाठी लावलेली असते आणि मल्टिकॅममध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपताना, सगळ्यांना एकच.

पूर्ण दागिन्यांत झोपणारी नायिका हा मात्र निव्वळ अज्ञानाचा भाग नाही. मालिकेतला एक दिवस चित्रीकरणात आठ-दहा दिवस चालतो, त्यामुळे साडी-दागिने जितके ठरलेले तितकी सलगता सांभाळणं सोपं. निदान झोपेच्या दृश्याला तरी साधी सुती साडी ठरवून ठेवता येईल, त्याला खर्च नाही.

संकलक

निर्णय का फिरवले जातात ते राहिलं.

प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात, शनिवार ते शुक्रवार या आठवड्याचे. पॅनेलमधल्या, म्हणजे नमुन्यासाठी निवडलेल्या, घरात टीव्हीला मीटर असतं आणि घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण, त्यामुळे कोण बघतंय तेही कळतं आणि कोणत्या मिनिटाला घर दुसऱ्या वाहिनीवर गेलं तेही. आता लिहिणाऱ्यांची साखळी बघा: कथा एकाकडे, पटकथा दुसऱ्याकडे, संवाद तिसऱ्याकडे. नायिकेने घर सोडलं, त्या आठवड्यात आकडा चढला. पुढच्या तीन आठवड्यांत ती भाड्याच्या खोलीत स्थिरावली, आकडा उतरला, कारण संघर्ष करायला समोर कोणी नाही आणि मोठ्या घराचा सेटही दिसत नाही. तो सेट उभा करायला पैसा गेलाय, त्यात दहा कलाकार करारावर आहेत. मग सासऱ्यांना झटका येतो आणि नायिका सेवेला परत.

बाईचा निर्णय अनेकदा सेटने फिरवलेला असतो. 'आई कुठे काय करते' २०१९ ते २०२४ चालली, तिची मुळं बंगाली 'श्रीमोयी'त आणि त्याच कथेवर हिंदीत 'अनुपमा'. एकच कथा तीन भाषांत असली की तुलनेला सोन्याची संधी असते: तोच निर्णय कुठे टिकला, कुठे फिरला, ते एका तक्त्यात मांडता येईल.

विधिज्ञा

कोणाला आक्षेप नोंदवायचा असेल तर मार्ग सांगते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ यांतल्या नियम ६मध्ये कार्यक्रमसंहिता आहे, स्त्रियांचं हीन चित्रण त्यात निषिद्ध आहे. २०२१च्या दुरुस्तीनुसार आधी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. २४ तासांत पोच, १५ दिवसांत निर्णय. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वयंनियामक संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील.

वाहिनी, मालिका, तारीख, वेळ, दृश्याचं मिनिट आणि नेमका संवाद लिहा. 'मालिका बायकांचा अपमान करते' एवढंच लिहिलं तर त्यावर काही करता येत नाही. आणि खलनायक वाईट बोलला ही तक्रार होत नाही. कथा त्याच्या बाजूने उभी राहते का, ते दाखवावं लागतं.

सीताबर्डी

एक सुचवू का? आयआरएस, म्हणजे प्राप्तिकर खात्याचे, अधिकारी आपल्याच गावात घडतात, छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीत. 'दिया और बाती हम'ने संध्याला आयपीएसपर्यंत नेलं, मराठीत 'फुलाला सुगंध मातीचा'ने कीर्तीला. मग करचुकवेगिरी शोधणारी नायिका का नको? हिशेबाच्या वह्या, बेनामी जमीन, पंचनामा. सगळे निर्णय तिचे, आणि स्वयंपाकघराची गरजच नाही.

जुनी_प्रेक्षक

सीताबर्डी, असं काही आलं तर मी एकही भाग चुकवणार नाही. फक्त घरी आल्यावर तिच्या पगारावर कोणाचा हक्क, तेही दाखवावं.

अंबाझरी

सगळ्यांच्या प्रतिसादांवरून तक्ता नव्याने आखला. आधीचे रकाने तसेच. त्यात घरातला की बाहेरचा, पैसा कोणाचा, कायद्याचा मार्ग दाखवला का, हे वाढवले. कल्पनेतल्या दृश्याला 'क'. बोलीसाठी वेगळा कागद, कारण प्रत्येक दृश्यात तो भरत बसलो तर मोजणी रेंगाळेल. संकलक म्हणाले तसं निर्णय फिरवला असेल तर फिरवणारं कारण लिहायचं: आजारपण, मूल, सण, अपघात की दुसऱ्या कोणाची शपथ. रंगपेटींचा मुद्दा तक्त्यात बसत नाही, त्यावर वेगळं टिपण करू.

एक अडचण उरली. रविवारच्या महाएपिसोडमध्ये एका तासात दोन-तीन दिवसांची कथा येते आणि दोन मालिकांचा महासंगम झाला तर एकीची नायिका दुसरीच्या घरात निर्णय घेते. ते कोणाच्या खात्यात धरायचं?

संकलक

महाएपिसोड तासाचा असेल तर दोन भाग धरा, दृश्यं मात्र प्रत्यक्ष मोजा. महासंगमात निर्णय ज्या घरावर परिणाम करतो त्या मालिकेच्या खात्यात लिहा आणि 'पाहुणी' अशी खूण करा. स्वतःच्या घरी गप्प असणारी नायिका दुसरीच्या घरी जाऊन ठामपणे बोलताना सापडली, तर त्या ओळी वेगळ्या काढून ठेवा.

अंबाझरी

'पाहुणी' खूण घेतली. सोमवारपासून पहिले तीन आठवडे सुरू करतोय. अजून दोन जणी हव्या आहेत भरायला, ज्या त्या तीन मालिका नेहमी बघत नाहीत अशा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.